कोयनाकाठचे सडे : माथा उघडा आणि कुशीत रान, हे असं का?

तारळेकर:

इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी सडावाघापूरचे एप्रिलमधले फोटो टाकले होते. खाली शेरा, ‘सगळं रान तोडून खाल्लं, डोंगर बोडके केले.’ आठ-दहा जणांनी माना डोलावल्या. तिथं उत्तर लिहायला घेतलं तर ते मूळ धाग्याच्या वर जायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं एवढंच की सड्याचा, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळ पठाराचा, माथा मुळातच उघडा असतो. तोड झाली ती उतारावर, आणि ती भरपूर झाली. पण माथा आणि उतार एकाच मापानं मोजले की झाडं लावण्यापासून ते पुरापर्यंत सगळ्या चर्चा भलतीकडं जातात.

आधी डोंगरांची मांडणी. महाबळेश्वरपासून दक्षिणेला दोन रांगा जवळजवळ समांतर उतरतात. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, तिच्यापलीकडं थेट कोकण. वासोटा त्या बाजूचा. पूर्वेला बामणोली-घेरादातेगड रांग. दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून कोयना येते. बाकीच्या नद्या घाटमाथ्यावरून निघून पूर्वेचा रस्ता धरतात, ही बाई मात्र पहिले साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी काटकोनात वळते आणि पाटणवरून कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. ती वळते तिथं बामणोली रांग संपत आलेली असते. तलवारीच्या आकाराची विहीर असलेला दातेगड त्या शेवटच्या टोकाकडचा.

कास, चाळकेवाडी, वनकुसवडे, सडावाघापूर ही नावं पर्यटकांच्या तोंडी सुटी सुटी येतात. नकाशावर बोट ठेवून बघा, उत्तरेकडून दक्षिणेला ही सगळी याच रांगेच्या माथ्यावर नाहीतर तिच्या फाट्यांवर आहेत. उंची हजार ते बाराशे मीटर. कोयना धरण काठोकाठ भरतं तेव्हा पाण्याची पातळी २१६३ फूट, म्हणजे ६५९ मीटर. सड्याच्या पश्चिम कडेला उभं राहिलं की शिवसागर, म्हणजे धरणाचा जलाशय, चार-साडेचारशे मीटर खाली दिसतो तो त्यामुळं. पूर्वेच्या अंगानं वेण्णा, उरमोडी, तारळी अशा नद्या निघून कृष्णेकडं जातात. कासचं पाणी उरमोडीला, ठोसेघरचा धबधबा तारळीचा.

आता उभा छेद. पाटणच्या स्टँडवरून वर बघितलं तर डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. काळा कडा, गवताचा उतार, परत कडा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा साचत गेला, त्याच या पायऱ्या. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयनेजवळ रासाटीला खोल बोअर मारलं त्यात सुमारे ९३० मीटर नुसता बेसॉल्टच लागला आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटच्या जातीचा पुरातन खडक. मधे दुसरं काही नाही.

या सगळ्याच्या डोक्यावर जांभ्याची टोपी. पाऊस आणि ऊन लाखो वर्षं आलटून पालटून बेसॉल्टवर पडलं, विरघळण्यासारखं होतं ते वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. त्याचा हा लालसर, भोकाभोकाचा, पण उघड्यावर पडला की दगडासारखा घट्ट होणारा थर. त्यावर माती कुठं चार बोटं, कुठं अजिबात नाही. मोठ्या झाडानं मूळ घालायचं कुठं?

पण हाच जांभा पाणी पितो. ते आतून झिरपत खाली जातं, जांभ्याखालच्या चिकण मातकट थरावर अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झरे होऊन बाहेर येतं. माथ्यावरून निसटलेली मातीही तिथंच साठते. ओल आणि माती दोन्ही एका ठिकाणी आल्यावर रान तिथंच उगवणार. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, गेळा, खाली उतरत जाल तसा ऐन, किंजळ. वरून फोटो काढणाऱ्याला हा पट्टा दिसतच नाही, कारण तो त्याच्या पायाखाली असतो.

कृष्णाकाठ_सांगली:

झकास लिहिलंय. आम्ही सांगलीकर या डोंगरांचं नाव फक्त जुलै-ऑगस्टमध्ये काढतो, तेही पोटात गोळा आल्यावर. सकाळी उठलं की कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर असे पावसाचे तीन आकडे, मग धरणातून किती क्युसेक सोडलं, मग आमच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, गावभागात बोटी फिरत होत्या.

म्हणून विचारतो, सड्यावर दाट झाडी असती तर तिनं पाणी धरलं नसतं का? आमच्या दारात आलं ते थोडं तरी कमी आलं असतं?

तारळेकर:

आठवडाभराच्या साध्या पावसात फरक पडेल, आणि तो उतारावरच्या झाडीनं पडेल. पण महापूर साध्या पावसानं येत नाही. जुलैच्या मध्यापर्यंत जांभा तुडुंब भरलेला असतो, त्यानंतर पडेल तो थेंब वाहतो, वर झाड असो की गवत. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी पडला. माण तालुक्यात एरवी आख्ख्या वर्षात एवढा पडत नाही. एवढ्या पाण्यापुढं रान काय आणि माळ काय.

धरणाचंच घ्या. कोयनेचं पाणलोट क्षेत्र जेमतेम ८९२ चौरस किलोमीटर, आणि तेवढ्यावर १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण भरतं. भागाकार करून बघा, त्या सगळ्या डोंगरदऱ्यांवर तीन मीटरहून जास्त पाणी उभं केल्यासारखं आहे. बरं, त्यातलं बरंचसं एरवी पश्चिमेला, वीज करून कोकणात जातं. आणि सांगलीत येणारं सगळं कोयनेचं नसतं. वेण्णा माहुलीला मिळते, खाली उरमोडी, तारळी उंब्रजला, कोयना कराडला, आणि तुमच्या हरिपूरला वारणा. सगळ्या एकदम आल्या की पूल काय करणार?

काळा_फत्तर:

भूगोल शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळं गप्प बसवत नाही. भर घालतो.

जांभा माथ्यावरच का, यावर दोन मतं आहेत. जुनं मत असं की एके काळी हा सगळा मुलूख सखल आणि सपाट होता, त्यावर सलग जांभा तयार झाला, मग भूभाग वर उचलला गेला, नद्यांनी तो चिरला आणि मधे जे तुकडे शिल्लक राहिले ते आजचे सडे. पाचगणीचं टेबललँडही त्याच हिशोबात. दुसरं मत याच्या बरोबर उलटं. जांभा जुन्या दऱ्यांच्या तळाशी झाला, कारण आजूबाजूच्या टेकड्यांवरून लोह घेऊन झिरपणारं पाणी तिथंच जमत होतं. तळ टणक झाला. पुढं टणक तळ टिकला आणि बाजूच्या मऊ टेकड्या झिजून गेल्या. म्हणजे आज जिथं तुम्ही वडापाव खात उभे राहता तो कधीकाळी दरीचा तळ होता. वाद मिटलेला नाही, पण मला दुसऱ्या मतात जास्त दम वाटतो. काही सडे नकाशावर लांबट, वाकडेतिकडे, फाटे फुटलेले दिसतात. सलग चादरीचे तुकडे असे असायला हवेत का, हा प्रश्न मला सुटत नाही.

टेबललँडच्या पोटात गुहा आहेत त्याही तारळेकरांनी सांगितलेल्या कारणानं. जांभ्याखालचा मऊ थर पाण्यानं धुऊन निघतो, वरचं छप्पर तसंच राहतं. आणि ते ‘आशियातलं दोन नंबरचं पठार’ कृपया इथं कुणी आणू नका. कुठल्या मोजपट्टीनं दोन नंबर, ते आजवर एकानंही मला सांगितलेलं नाही.

वीकेंड_वाटसरू:

माहितीपूर्ण धागा! पण मुद्द्याचं सांगा, सडावाघापूरचा उलटा धबधबा कधी दिसतो? मागच्या वेळी गेलो तर साधा सुलटाच होता, तोही बारीक. पुण्याहून पाच तास ट्रॅफिक खाऊन.

तारळेकर:

वाऱ्याच्या तोंडावरचा कडा, अरुंद ओहोळ आणि जोराचा पश्चिमेचा वारा, तिन्ही जुळावं लागतं. खालून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि बारीक धार उचलून परत माथ्यावर फेकतो. वारा पडला की पाणी गुमान खाली. फार मोठा पाऊस लागला तर धार जड होते, तेव्हाही पुरती उलटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नशीब काढा.

कठड्याच्या पलीकडं जाऊ नका, शेवाळलेल्या जांभ्यावर बूट टिकत नाही. पाटणकडून घाट चढून वर यायचं आणि तारळ्याकडं उतरून नागठाण्याला हायवे गाठायचा, म्हणजे त्याच घाटात दोनदा अडकत नाही. धुकं असेल तर हेडलाईट लावून सावकाश, रस्त्यात म्हशी बसलेल्या असतात आणि त्या उठत नाहीत.

वरच्या_आळीचा:

मी सड्यावरलाच. समद्यांचं वाचलं, बरं वाटलं. आमच्यात पाण्याचं गणित तुमच्यापेक्षा सोपं हाय. आषाढात पाय टेकाय कोरडी जागा न्हाई आन् मे म्हैन्यात हांडा घेऊन कड्याखाली उतरायचं. पाऊस आमच्या डोस्क्यावर पडतो, पाणी निगतं खालच्या वाडीत. माझ्या आईचं गुडघं त्या चढानं गेलं. आता टँकर येतोय, रस्ता हाय म्हणून.

शेती म्हंजी जिथं ईतभर माती घावंल तिथं. नाचणी, वरी, खोलगट जागी भाताची खाचरं. पूर्वी उतारावर रान तोडून, जाळून कुमरी करायचं, दोन-तीन वर्सं पीक काढायचं आन् जागा सोडायची. तारळेकर म्हणत्यात ती तोड म्हंजी ही, आणि कोळश्यासाठी झाली ती यगळी. कारवी मातूर कवा कमी पडली न्हाई. आमच्या जुन्या घराचं कूड कारवीचंच हुतं, वरनं शेणमाती. ती फुलली की मधाचं पोळं घावायचं.

पवनचक्क्या आल्या तवापासनं एक बदललं. रस्ता झाला, ह्ये खरं, अडल्यानडल्या बाईला दवाखान्यात न्हेता येतं. पण आमच्याकडं रस्त्यासाठी जिथं जांभा फोडला तिथला खालचा झरा पयल्यासारखा मार्चपातूर टिकत न्हाई. आन् घारी, ससाणं कमी दिसत्यात, सरडं वाढल्यात. ह्ये खरं का मलाच वाटतंय?

रानफूल:

दादा, तुम्हाला वाटतंय ते मोजून सिद्ध झालंय, आणि तुमच्याच सड्यांवर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची जागा आणि बिनचक्क्यांची जागा यांची तुलना केली, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळपास चार पटींनी कमी, आणि सरडे जास्त. नुसते जास्त नाहीत, निर्धास्तसुद्धा. माणूस जवळ गेला तरी उशिरा पळणारे, अंगात ताणाचं संप्रेरक कमी असलेले. वरचा शिकारी हटला की खालच्याचं वागणं कसं बदलतं याचं उदाहरण म्हणून ते जगभर दिलं जातं.

तो सरडाही साधा नाही. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा, ‘सारडा सुपर्बा’. नवी जात म्हणून त्याची नोंद २०१६ ला झाली ती चाळकेवाडीच्याच नमुन्यांवरून. मे महिन्यात, तुम्ही ज्याला उजाड म्हणता त्या माळावर, नर एकेक दगड धरून बसलेला असतो आणि पंखा उघडमीट करत असतो.

फुलांबद्दल. सड्यावर उभं राहून काही दिसत नाही, वाकावं लागतं. ऑगस्टमध्ये खडकाच्या खळग्यात दोन बोटं पाणी आणि नखाएवढी माती असते. त्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतो, मग काही झाडं तो किड्यांतून मिळवतात. दवबिंदूचं झाड रुपयाच्या नाण्याएवढं, लालसर, जमिनीला चिकटलेलं. पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एखाद्या थेंबात अजून पाय हलवणारं चिलट. शेजारी सीतेची आसवं, जांभळी, नाजूक. तिचे सापळे जमिनीखाली, ओल्या मातीतले सूक्ष्म जीव आत ओढणारे बारीक फुगे. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या. साचलेल्या पाण्यात वायतुरा, दोन फाट्यांचा फिकट जांभळा तुरा. साताऱ्याच्या सड्यांची ही खास वनस्पती, शास्त्रीय नावातही सातारा आहे. पावसाळा संपला की वरचं सगळं वाळतं, कंद खाली वाट बघतो.

या सगळ्यांना उघडं ऊन लागतं. कास, कोयना अभयारण्य आणि चांदोली २०१२ ला जागतिक वारसा यादीत गेले, त्यात कासचं नाव झाडीसाठी नाही, या उघड्या माथ्यासाठी आहे.

वृक्षवल्ली_कराड:

म्हणजे आम्ही गुन्हेगार. आमचा ग्रुप दर पावसाळ्यात स्वखर्चानं रोपं घेऊन वर जातो, पहारीनं खड्डे घेतो, खालून माती नेऊन भरतो. बायकापोरांसकट रविवार घालवतो. इथं बसून टाइप करणं सोपं आहे.

आणि एक दाखवून देतो. सड्यांवर कितीतरी ठिकाणी देवळाभोवती चार माणसांच्या कवेत न मावणारी झाडं आहेत. देवराईत कुणी कुऱ्हाड घातली नाही म्हणून ती टिकली. याचा अर्थ बाकी ठिकाणीही ती होती आणि तोडली, असाच होतो ना? माथ्यावर झाड येतच नाही हा सिद्धांत तिथंच पडतो.

तारळेकर:

साहेब, रागावू नका. तुमच्या रविवारांबद्दल आदरच आहे. पण त्या देवराया बघताना देऊळ सोडून जमीन बघा. मी पाहिल्यात त्या बहुतेक कड्याच्या काठाला, घळीच्या तोंडाशी, नाहीतर जांभा फुटून मोठी भेग पडलीय तिथं. शेजारी कुंड किंवा झरा असतोच. माती आणि पाणी होतं म्हणून रान झालं, पाणी होतं म्हणून देवही तिथं बसला. शंभर पावलांवर सपाट कातळ सुरू होतो तिथं देवाच्या नावानंही झाड उभं राहिलेलं नाही.

रानफूल:

खड्ड्यांचं काय होतं तेही सांगते. जांभ्यात घेतलेला खड्डा पावसाळ्यात टाकीसारखा भरून राहतो, मुळं कुजतात. वाचलं रोप तर एप्रिलमध्ये भोवतीचा कातळ तापतो. यातून जगतं ते ऑस्ट्रेलियन बाभूळ नाहीतर गिरिपुष्प. आणि ते जगलं की पंचाईत जास्त, कारण पानांचा कचरा साचून, सावली पडून खळग्यातलं सगळं मरतं. खालून आणलेल्या मातीबरोबर तणांचं बी येतं ते वेगळंच.

गुरांचंही तसंच. कासला फुलं वाचवायला जाळीचं कुंपण घातलं, मग चराई थांबल्यानं गवत माजून फुलं दबतात अशी ओरड झाली आणि कुंपण काढलं. माथ्याला थोडं चरणं लागतं. किती लागतं यावर आम्हा लोकांतच भांडणं आहेत.

माणदेशी:

गंमत बघतोय. तुमच्याकडं पाणी कुठं घालवू म्हणून भांडण, आमच्याकडं कुठून आणू म्हणून. महाबळेश्वर ते दहिवडी सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर, आणि पाऊस दहाव्या हिश्श्यावर येतो. ढग तुमच्या सड्यावर मोकळा होतो, आमच्याकडं नुसता वारा. आता उरमोडीचं पाणी उपसून आमच्या माण-खटावला येतंय, म्हणजे कासच्या फुलांखालून झिरपलेलं पाणी थोडंफार आमच्याही ज्वारीला मिळत असणार. तेव्हा तुमचे झरे आटले तर आम्हालाही बोलायचा हक्क आहे, काय?

कोयनेची_सून:

सड्याचं कौतुक चाललंय ते ठीक. पण कड्याच्या कुशीत रान आहे तशी माणसंही आहेत, त्यांच्याबद्दल कुणी बोलेना. २२ जुलै २०२१ च्या रात्री आमच्या पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथं डोंगर खाली आला. झोपेतली घरं गाडली गेली. झरे, माती, ओल हे सगळं चांगलं असं तुम्ही लिहिलंय, तीच माती उरावर आली त्याचं काय? आमच्या मागचा डोंगरही तसाच आहे. जून लागला की सासूबाई रात्री कंदील भरून ठेवतात, लाईट असली तरी.

काळा_फत्तर:

ताई, तुमचं म्हणणं या धाग्यात आधीच यायला हवं होतं.

कारण तेच आहे, तारळेकरांनी सांगितलेलं. कड्याच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं साठलेली माती आणि दगडगोटे म्हणजे एक जाड, सैल थर, आणि त्याच्याखाली उतरता टणक बेसॉल्ट. वरून पाऊस, मागून जांभ्यातून झिरपलेलं पाणी, असा तो दोन्हीकडून भिजतो. एका मर्यादेपलीकडं पाण्याच्या दाबानं मातीची पकड सुटते आणि थर खालच्या खडकावरून घसरतो. झाडांची मुळं वरचा हात-दोन हात भाग बांधून ठेवतात, म्हणून उतारावर रान हवंच. पण थर खोल असेल आणि पाऊस त्या दिवशीसारखा असेल तर रानासकट उतार निघतो. घरासाठी, रस्त्यासाठी उताराचा पाय कापला असेल तर काम आणखी सोपं होतं.

लक्षात ठेवायच्या खुणा सांगतो. नेहमीचा स्वच्छ झरा एकाएकी गढूळ होणं, किंवा भर पावसात बंद पडणं. जिथं कधी पाणी नव्हतं तिथून पाझर फुटणं. वरच्या शेतात, बांधावर चंद्रकोरीसारखी भेग. खांब, झाडं, कुंपण कलणं, दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागणं. यातलं काही दिसलं आणि वर पाऊस लागून राहिला असेल तर सामान गोळा करत बसू नये. ओढ्याच्या वाटेनं खाली पळू नये, बाजूला, उतार सोडून जावं. भेग दिसली की ती प्लास्टिकनं झाकून आत पाणी जाऊ न देणं एवढं गावकरी करू शकतात, आणि तलाठी, तहसीलला लगेच कळवणं. सासूबाईंना सांगा, कंदिलाशेजारी बॅटरी, चपला आणि कागदपत्रांची पिशवीही ठेवा.

कोयनेची_सून:

वरच्या शेतात बांधाला एक भेग आहे, गेल्या वर्षापासून. आडवीच आहे, कोरीसारखी नाही. हाताचा पंजा जाईल एवढी.

काळा_फत्तर:

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडते तशी असेल तर पहिल्या पावसात मिटते. तुमची मिटली का? मिटली नसेल, आणि खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जरा खचलेली दिसत असेल, तर वाट बघू नका. दोन्ही कडांना खुंट्या ठोका, मधलं अंतर मोजून तारीख घालून लिहा, फोटो काढा आणि ग्रामपंचायतीतर्फे लेखी अर्ज द्या, पाहणी करा म्हणून. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर अर्जाचा मसुदा पाठवतो.

कोयनेची_सून:

मिटली नव्हती. व्यनि करते.

वृक्षवल्ली_कराड:

वरचं सगळं वाचून काढलं. ठीक आहे, माथ्यावर खड्डे घेत नाही. मग माणसं, गाड्या, उत्साह आहे, त्याचं करू काय? कुठं लावू ते नेमकं सांगा.

तारळेकर:

कड्याखालचा पट्टा, जुन्या कुमरीच्या पडक्या जागा, ओढ्यांच्या घळी. आधी सातबारा बघा, बरीचशी मालकीची आहे, उरलेली वनखात्याची. दोन्हीकडं परवानगी लागतेच. ताईंनी सांगितलं तशा भेगा असलेल्या उतारावर चर खोदून पाणी मुरवायचा कार्यक्रम करू नका, सगळीकडं चर हे आणखी एक खूळ आहे. रोपं नर्सरीतली शोभेची नकोत. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा, ऐन, त्याच रानातलं बी गोळा करून त्याच गावात रोपं करा. आणि बऱ्याच जागी काही न लावता फक्त तोड आणि वणवा थांबवला तरी बुंध्यांना फुटवा येतो.

वरच्या_आळीचा:

रोपं लावाय समदी येत्यात, जून-जुलैला. फोटू काढत्यात, भजी खात्यात. पण वणवा लागतो फेब्रुवारी-मार्चात. तवा जाळरेषा, म्हंजी आग फुडं सरकू नये म्हणून गवत कापून केल्याला मोकळा पट्टा, काढलेली नसंल तर तुमची रोपं आन् आमचं गवत येकदमच जातं. जाळरेषा जानेवारीत काढाय लागती, गवत वाळलं की लगीच. दिसभर इळा चालवायचा, वर ऊन, फोटूत काय दिसत न्हाई. त्याला माणसं मिळत न्हाईत. तुमच्यातली किती येतीला?

वृक्षवल्ली_कराड:

मी नक्की. ग्रुपवर विचारतो. विळे तुमच्याकडं मिळतील की आम्ही आणायचे?

वरच्या_आळीचा:

आणा. आमच्याकडं हायत ते आमच्याच हाताला पुरत न्हाईत.

वीकेंड_वाटसरू:

जानेवारीत उलटा धबधबा नसतो ना? तरी मी येऊ का? विळा चालवता येत नाही, पण गाडीत सहा माणसं बसतात.

वरच्या_आळीचा:

या की. पाणी भरलेलं कॅन बी टाका गाडीत, सा-सात तरी. वर प्यायला काय मिळायचं न्हाई.